स्पेक्ट्रम ऐसपैस, पण पल्स काही आखूड होईना (१०३० नॅनोमीटर, फायबर आणि ग्रेटिंग)

नवशिका_फोटॉन

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले, पण माझ्या अडचणीवर नेमकं बोट ठेवणारं काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतोय.

माझ्याकडे यटर्बियमचा मोड-लॉक्ड ऑसिलेटर (एकामागून एक आखूड पल्स सोडणारा लेसर) आहे: १०३० नॅनोमीटर, ४० मेगाहर्ट्झ, पल्स २०० फेम्टोची (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग), आयसोलेटर (प्रकाश परत येऊ न देणारा) ओलांडल्यावर सरासरी ३५० मिलिवॅट. हवी आहे ४०-५० फेम्टोची पल्स. म्हणून नेहमीची वाट धरली. पल्स फायबरमध्ये सोडायची, सेल्फ-फेज मॉड्युलेशनने (पल्सची तीव्रता तिचीच फेज सरकवते, त्यातून नवे रंग निघतात) स्पेक्ट्रम फुगवून घ्यायचा आणि मग ग्रेटिंगच्या (रंग वेगळे करणाऱ्या, बारीक रेघांच्या पट्ट्यांच्या) जोडीने मागेपुढे झालेले रंग पुन्हा एका वेळेवर आणायचे.

फायबर सिंगल-मोड, पोलरायझेशन राखणारं, मोडचा व्यास ६.२ मायक्रॉन, लांबी ३ मीटर. दोन्ही टोकांना तिरके पॉलिश केलेले कनेक्टर असलेली तयार पॅचकॉर्ड होती, तीच लावली. आत २०० मिलिवॅट जातात. पुढे मिलिमीटरला १००० रेघांच्या ट्रान्समिशन ग्रेटिंगची जोडी, आरशावरून परत फिरवून दोन फेऱ्या.

स्पेक्ट्रम बघून जीव सुखावतो. ६ नॅनोमीटरचा ७५ झाला, म्हणजे फूरिये मर्यादा (या स्पेक्ट्रममधून निघू शकेल ती सगळ्यात आखूड पल्स) ४० फेम्टोच्या आसपास. ऑटोकोरिलेशन (पल्स स्वतःच्याच प्रतीवर सरकवून घेतलेलं माप) मात्र रडकं: मधोमध १४० फेम्टो रुंदीचा सुळका आणि दोन्ही अंगांना पिकोसेकंदभर पसरलेला पायथा. ग्रेटिंगमधलं अंतर ११-१२ मिलिमीटर ठेवलं की सुळका सगळ्यात टोकदार दिसतो, जरा हलवलं की बिघडतो. १४० ला पल्सची रुंदी काढायच्या नेहमीच्या १.५४ ने भागून ९० फेम्टो येतात, तेही पायथ्याकडे डोळेझाक केली तर.

हातात स्पेक्ट्रम असताना पल्स का मिळत नाही? आणि फायबर ५ मीटरचं घेतलं, स्पेक्ट्रम आणखी वाढला, तर फरक पडेल का?

काचेचा_दोरा

आधी एक साधी तपासणी. फायबरच्या आधी हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशन फिरवणारी) आहे ना? फायबर पोलरायझेशन राखणारं असलं तरी प्रकाश त्याच्या स्लो अक्षावर नीट बसवला नसेल, तर थोडा भाग फास्ट अक्षावरून जातो आणि वेगळ्या वेळी पोचतो. ऑटोकोरिलेशनमध्ये त्याची जोडपिल्लं दिसतात. बाहेर पोलरायझर ठेवून, फायबर बोटाने हलकेच गरम करून बघा. उजेड कमीजास्त होत असेल तर अक्ष चुकलाय.

नवशिका_फोटॉन

प्लेट आहे, तेही करून झालं. बाहेर १०० ला १ पेक्षा चांगलं गुणोत्तर मिळतं, गरम केल्यावरही हलत नाही.

निशाचर

मग पोलरायझेशन सोडा. आणि ५ मीटरचा विचारही डोक्यातून काढा. तुमच्याकडचं फायबर कमी नाही, दहापट जास्त आहे.

आकडे मांडते, कारण या विषयात हवेत बोलणारे फार भेटतात. ४० मेगाहर्ट्झला २०० मिलिवॅट म्हणजे एका पल्समध्ये ५ नॅनोज्यूल. ते २०० फेम्टोत कोंबले की शिखरशक्ती २२ किलोवॅट. ६.२ मायक्रॉनच्या मोडमध्ये काचेचा नॉनलिनियर गुणांक, म्हणजे गॅमा, दर वॅट दर मीटर साधारण ०.००५३. गॅमा आणि शिखरशक्तीच्या गुणाकाराने १ ला भागा, नॉनलिनियर लांबी निघेल ०.८६ सेंटिमीटर. म्हणजे पल्स आत शिरून सेंटिमीटरभर जात नाही तोवर शिखराची फेज एक रेडियन सरकलेली असते.

आता दुसरी बाजू. १०३० ला अशा फायबरचं डिस्पर्शन, म्हणजे रंगागणिक वेग बदलणं, नॉर्मल असतं, मीटरमागे सुमारे २३,००० फेम्टोसेकंद वर्ग. तुमच्या पल्ससाठी डिस्पर्शन लांबी (एवढ्या अंतरात पल्स जाणवण्याइतकी पसरते) येते ५५ सेंटिमीटर. ५५ ला ०.८६ ने भागा, ६४-६५ येतात. त्याचं वर्गमूळ ८, हा तुमचा एन, म्हणजे नॉनलिनियर परिणाम डिस्पर्शनपेक्षा किती वरचढ याचं माप. नॉर्मल डिस्पर्शनमध्ये पल्स जास्तीत जास्त किती पट दाबता येते याचा ढोबळ नियम म्हणजे एन भागिले १.६. तुमच्यासाठी ५ पट, २०० चे ४०. तुमचा स्पेक्ट्रमही तेच सांगतोय, म्हणजे मापं जुळतात.

आणि या ५ पटीसाठी फायबर लागतं २० ते ३० सेंटिमीटर. बस्स.

फायबरच्या आत काय चालतं तेही बघा. सुरुवातीच्या काही सेंटिमीटरमध्ये फेज शिखराच्या आकारानुसार वाकते: पल्सच्या पुढच्या अंगाला लाल तयार होतो, मागच्या अंगाला निळा. डिस्पर्शन नॉर्मल, म्हणून लाल पुढे पळतो आणि निळा मागे रेंगाळतो. पल्स पसरून जवळजवळ चौकोनी होते, शिखर बसतं आणि शिखर बसलं की नवीन रंग तयार होणंही थांबतं. याच टप्प्यावर एक फार उपयोगी गोष्ट घडते. वेळेबरोबर रंग एकसारख्या उताराने बदलू लागतो, म्हणजे चर्प सरळ रेषेत येतो. नुसत्या सेल्फ-फेज मॉड्युलेशनने चर्प फक्त मधल्या भागात सरळ असतो, दोन्ही कडांना उलटा वळतो, आणि तो कडांचा उलटा भाग कुठल्याही ग्रेटिंगने सुधारत नाही. म्हणून थोडं डिस्पर्शन हवंच असतं. पण थोडंच.

तुमच्याकडे यानंतरही अडीच मीटरहून जास्त फायबर उरतं. त्यात स्पेक्ट्रम वाढत नाही, पल्स नुसती ताणली जाते, बाहेर येईतो ९ पिकोच्या घरात. परीक्षेत पुरवण्या जास्त जोडल्या म्हणून गुण वाढत नाहीत, त्यातला प्रकार.

तुम्ही म्हणाल, ताणली तर ताणली, ग्रेटिंग आहेत की दाबायला. आहेत, आणि तुम्ही त्या लावल्याही अगदी बरोबर आहेत. ३ मीटरचे ६९,००० फेम्टोसेकंद वर्ग होतात. १००० रेघांची जोडी दोन फेऱ्यांत मिलिमीटरमागे साधारण ६,१०० परत घेते. भागाकार ११.३ मिलिमीटर. तुम्हाला सुळका ११-१२ ला टोकदार दिसला तो यामुळे.

घोडं पेंड खातं ते तिसऱ्या क्रमाच्या डिस्पर्शनपाशी, म्हणजे डिस्पर्शन स्वतःच रंगागणिक बदलतं तिथे. ग्रेटिंगची जोडी दुसऱ्या क्रमाचं डिस्पर्शन उणे देते, पण तिसऱ्या क्रमाचं देते अधिक. काचेचंही तिसऱ्या क्रमाचं अधिकच. म्हणजे एक फिटतं आणि दुसऱ्याची बेरीज होते. तुमच्या ग्रेटिंगकडून सुमारे १,९५,००० फेम्टोसेकंद घन, फायबरकडून १,२०,०००, मिळून तीन लाखांच्या वर. स्पेक्ट्रमच्या कडांना याची फेज भरते १५ रेडियन. अशा पल्सला एका बाजूला लांब शेपटी फुटते. ऑटोकोरिलेशन मुळातच सममित असल्यामुळे ती एकेरी शेपटी तुम्हाला दोन्ही अंगांना पायथा म्हणून दिसते.

आणि हो, असा पायथा असताना १.५४ ने भागण्यात काही अर्थ नसतो. तो आकडा स्वच्छ सेच-वर्ग (घंटेसारख्या, आदर्श पल्सच्या) आकारासाठी आहे.

गणिती_किडा

निशाचर, हिशेब पटला, पण एक शंका. चर्प्ड पल्स अॅम्प्लिफिकेशनच्या (पल्स आधी ताणायची, मग तिची शक्ती वाढवायची, मग दाबायची) १९८५ च्या मूळ प्रयोगात, ज्यासाठी डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांना २०१८ चं नोबेल मिळालं, त्यात फायबर १.४ किलोमीटर होतं. तिथे चाललं, इथे ३ मीटर जास्त कसं?

निशाचर

शंका रास्त आहे, कारण बरेच जण लांब फायबरचा नाद तिथूनच उचलतात.

त्यांची पल्स १५० पिकोची होती. तुमच्या-आमच्या २०० फेम्टोच्या साडेसातशे पट लांब. डिस्पर्शन लांबी पल्सच्या रुंदीच्या वर्गाने वाढते, तेव्हा तिथे किलोमीटरही थोडाच. शिवाय त्यांना पल्स ताणायचीच होती, ३०० पिकोपर्यंत, म्हणजे अॅम्प्लिफायरमध्ये काच फुटणार नाही. नंतर ग्रेटिंगने ती २ पिकोच्या आसपास आणली. पिकोसेकंदांच्या दुनियेत तिसऱ्या क्रमाला कोणी विचारत नाही.

उलट टोकाचं उदाहरण १९८७ चं. फोर्क, ब्रिटो क्रूझ, बेकर आणि शँक यांनी डाय लेसरची ५० फेम्टोची पल्स ६ फेम्टोवर आणली. फायबर किती? जेमतेम सेंटिमीटरभर. आणि दाबायला नुसत्या ग्रेटिंग नाहीत, सोबत प्रिझमची जोडी. प्रिझमचं तिसऱ्या क्रमाचं डिस्पर्शन ग्रेटिंगच्या उलट चिन्हाचं मिळतं, म्हणून दोन्ही मिळून दुसरा आणि तिसरा असे दोन्ही क्रम एकदम शून्यावर आणता येतात. तो विक्रम पुढे बरीच वर्षं टिकला. या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग माझ्या मते तोच, लेसर कितीही बदलले तरी.

तर १.४ किलोमीटर आणि १ सेंटिमीटर, दोन्ही बरोबर. फायबरची लांबी पल्स ठरवते.

नवशिका_फोटॉन

डोळे उघडले. म्हणजे पॅचकॉर्ड कापून ३० सेंटिमीटर ठेवू? आणि ग्रेटिंग याच राहू देऊ?

निशाचर

कापा. ग्रेटिंग मात्र बदलाव्या लागतील. ३० सेंटिमीटरच्या आत फायबर असेल तर परत घ्यायचं डिस्पर्शन पाच-सहा हजार फेम्टोसेकंद वर्ग. १००० रेघांच्या जोडीत त्यासाठी अंतर ठेवावं लागेल एक मिलिमीटरपेक्षा कमी. माउंट एकमेकांवर आदळतील आणि स्क्रू केसभर फिरला की सगळं इकडचं तिकडे. ३०० रेघांची जोडी घ्या. ती दोन फेऱ्यांत मिलिमीटरमागे ३६० देते, म्हणजे अंतर १५ मिलिमीटर. हाताला खेळायला जागा मिळते. शिवाय तेवढ्याच दुसऱ्या क्रमामागे तिसऱ्या क्रमाची भरही कमी: फायबर आणि ग्रेटिंग मिळून २०,००० फेम्टोसेकंद घन, कडांना फेज जेमतेम १ रेडियन. १५ चा १ झाला.

सोन्याच्या मुलाम्याची ग्रेटिंग असेल तर चार वेळा आपटण्यात निम्मी शक्ती जाऊ शकते, ती तयारी ठेवा. शक्ती जपायची असेल तर चर्प्ड आरसे (रंग वेगवेगळ्या खोलीवरून परतवून उणे डिस्पर्शन देणारे). एका आपटीत २५० घेणारे असतील तर २२ आपट्या लागतील, रांग लावायला चिकाटी हवी पण गळती नगण्य. मी असते तर आधी ३०० रेघांवर पल्स बघून घेतली असती आणि मग आरशांकडे वळले असते.

काचेचा_दोरा

कापण्याआधी माझं ऐका, आखूड फायबरची एक खोड आहे जी पॅचकॉर्डमध्ये कधी कळत नाही.

लेन्सने जो प्रकाश गाभ्यात बसत नाही तो वाया जात नाही, भोवतालच्या क्लॅडिंगमध्ये शिरतो. ३ मीटरमध्ये तो वाटेत गळून जातो. २५-३० सेंटिमीटरमध्ये तो सरळ दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो. पॉवर मीटर खूश होतं, माणूसही खूश होतो, "कपलिंग ८० टक्के झालं" म्हणतो, आणि त्यातला बराचसा हिस्सा जसा आत गेला तसा, स्पेक्ट्रम न वाढता बाहेर आलेला असतो. स्पेक्ट्रममध्ये १०३० वर अरुंद काटा उभा दिसला तर तोच समजा.

मी असं करतो. वरचं प्लास्टिकचं आवरण फक्त टोकांना, लेन्सपाशी लागेल तेवढंच सोलायचं. मधलं आवरण राहू द्यायचं, त्याचा अपवर्तनांक जास्त असल्याने ते क्लॅडिंगमधला प्रकाश ओढून घेतं. सोललेल्या भागावर, टोकापासून जरा दूर, इंडेक्स-मॅचिंग जेलचा एक थेंब. मग फायबरला मोठ्या त्रिज्येचा सौम्य वळसा. आणि बाहेरचा ठिपका आयआर कार्डावर (न दिसणारा प्रकाश दाखवणाऱ्या) लांब नेऊन बघायचा: गाभ्याचा प्रकाश एकसंध गोल दिसतो, क्लॅडिंगचा त्याभोवती खरखरीत कड्यासारखा. एक आयरिस (लहानमोठं करता येणारं छिद्र) लावून कडं कापलं की मग जे मोजाल ते खरं.

क्लीव्ह, म्हणजे टोकाचा काप, दोन्ही टोकांना ८ अंश तिरका. सरळ कापलात तर ४ टक्के प्रकाश आल्या वाटेने परततो, आणि आयसोलेटर असला तरी मोड-लॉकिंग कुरकुर करू शकतं. आणि लेसरचा संरक्षक चष्मा लावा. १०३० डोळ्याला दिसत नाही, म्हणून लोक विसरतात.

ढगातला_पूल

वाचनखूण साठवली. माझा लेसर वेगळा आहे: १० मायक्रोज्यूल, २५० फेम्टो. हाच हिशेब माझ्या पल्सला लावून फायबर आणखी आखूड करत गेलं तर चालेल का?

निशाचर

नाही. तुमची शिखरशक्ती होते ३५ मेगावॅट. काचेत १ मायक्रॉनच्या आसपास सेल्फ-फोकसिंगची मर्यादा सुमारे ४ मेगावॅट आहे आणि ती गाभा मोठा केल्याने वाढत नाही, ती शक्तीची मर्यादा आहे, तीव्रतेची नाही. कितीही जाड फायबर घ्या, प्रकाश स्वतःच स्वतःला एका बिंदूवर गोळा करून काच फोडणार.

तिथे काच सोडून वायूकडे जायचं. निसोली, डी सिल्वेस्ट्री आणि स्वेल्तो यांनी १९९६ मध्ये पोकळ केशनळीत क्रिप्टॉन भरून १४० फेम्टोची पल्स १० फेम्टोवर आणली होती, आत ६६० मायक्रोज्यूल आणि बाहेर २४० मायक्रोज्यूल. तुमच्या १० मायक्रोज्यूलला एवढी मोठी नळी नको. वायू भरलेलं पोकळ गाभ्याचं फोटॉनिक क्रिस्टल फायबर किंवा दोन अंतर्वक्र आरशांमधला मल्टिपास सेल, या दोनपैकी एक. मल्टिपास सेलमध्ये बीम थरथरला तरी काही जळत नाही, म्हणून माझं मत तिकडे. पण यासाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ नको.

गणिती_किडा

आणि कोणाचा लेसर १५५० चा असेल तर? तिथे साध्या टेलिकॉम फायबरचं डिस्पर्शन अॅनोमलस, म्हणजे नॉर्मलच्या उलट, मीटरमागे उणे २२,००० च्या आसपास. ग्रेटिंगची गरजच नाही, फायबर स्वतःच दाबतं.

निशाचर

बरोबर, सॉलिटॉन कॉम्प्रेशन. त्याच एनला दाबण्याचं प्रमाणही जास्त मिळतं, सुमारे ४.१ गुणिले एन. ऐकायला छान. पण एन वाढला की ऊर्जेचा मोठा वाटा मधल्या सुळक्यात न येता पायथ्यात राहतो, आणि लांबी काही मिलिमीटरने चुकली तर पल्स दबून पुन्हा फुटायला लागलेली असते. एन ३-४ च्या आत ठेवणार असाल तर जरूर करा.

नवशिका_फोटॉन

सगळ्यांचे आभार. केलं. फायबर २८ सेंटिमीटर, टोकं ८ अंश, जेलचा थेंब, आयरिस. जेल लावण्याआधी १०३० वर काटा खरंच होता, लावल्यावर गेला. ३०० रेघांची जोडी, अंतर १५ च्या जरा आत. ऑटोकोरिलेटरमधला बीबीओ क्रिस्टल आधी अर्ध्या मिलिमीटरचा होता, तो ०.१ मिलिमीटरचा केला, कारण जाड क्रिस्टल ७५ नॅनोमीटर पूर्ण उचलेल असं वाटेना.

ऑटोकोरिलेशन आता ७४ फेम्टो, पायथा जवळपास नाहीसा. १.५४ ने भागून ४८. फक्त दोन्ही अंगांना लहानसा उंचवटा उरलाय. आणि एक विचित्र गोष्ट: ऑटोकोरिलेटर मीटरभर मागे सरकवला की आकडा बदलतो, ४८ चे ५५ होतात. हवेच्या डिस्पर्शनने एवढा फरक कसा पडेल?

निशाचर

हवेने नाही पडत. एक मीटर हवेचं डिस्पर्शन १०३० ला वीसेक फेम्टोसेकंद वर्ग, ४८ च्या पल्सला त्याचं काहीच वाटत नाही.

तुमच्या दोन ग्रेटिंग एकमेकींना समांतर नाहीत. त्यामुळे परतीच्या फेरीनंतरही रंग पूर्ण एकत्र येत नाहीत, थोड्या वेगळ्या कोनांत निघतात आणि जितकं दूर जाल तितके बाजूला होतात. खात्री करायची तर ऑटोकोरिलेटरच्या जागी अरुंद फट आणि मागे स्पेक्ट्रोमीटर ठेवा. फट बीमच्या डावीकडून उजवीकडे सरकवा, मग वरून खाली. स्पेक्ट्रमचा मध्य सरकताना दिसला तर तोच दोष. आडवा सरकला तर दुसऱ्या ग्रेटिंगचा कोन फिरवा. उभा सरकला तर रेघा समांतर नाहीत, ग्रेटिंग स्वतःच्या प्रतलात फिरवायला हवी. मध्य जागचा हलेनासा झाला की मग अंतर पुन्हा नव्याने शोधा, ते आता जरा वेगळं येईल.

उंचवट्याचं त्यानंतर बघू. तेव्हा नुसतं ऑटोकोरिलेशन नको, जमलं तर फ्रॉगचा (ऑटोकोरिलेशनसोबत रंगही मोजणाऱ्या पद्धतीचा) ट्रेस टाका. उंचवटा पल्सच्या एकाच बाजूला असेल तर उरलेला तिसरा क्रम, दोन्ही बाजूंना असेल तर चर्पच्या वळलेल्या कडा, म्हणजे फायबर दोन-चार सेंटिमीटर कमी पडतंय. ऑटोकोरिलेशन यातला फरक कधीच सांगणार नाही.